चाकाची धार

ढाणकीकडच्या तांड्यात जमनीबाई म्हणजे एक प्रस्थ होतं. घरात घोणस निघाली की बाप्ये काठी शोधत बसायचे, तोवर हिने ती ठेचलेली असायची. अशी ही बाई, पण चाकाच्या धारेचं नाव काढलं की तिच्या तोंडचं पाणी पळायचं. ही धार म्हणजे जंगलातला धबधबा. पूर्वी तिथे पाण्यावर एक मोठं चाक फिरे आणि त्याला जोडलेल्या पट्ट्यांवर कापसातली सरकी काढणारे रेचे चालत. चाक केव्हाच कुजून गेलं, नाव तेवढं उरलं. तिचं माहेर धारेच्या पल्याड, सासर अल्याड. तरी माहेरी जाताना ती डोंगराला वळसा घालून जायची. लोक हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं?

महाराष्ट्र झाल्याच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळी उलटल्यावर, तिच्या पोराला, रूपसिंगला, दिग्रसच्या जिनिंगमध्ये काम मिळालं. त्याच्या बायकोलाही, बसंतीला, रेच्यावर घेणार होते. दुसऱ्या दिवशी एसटीने निघायचं होतं. बसंती जात्यावर वाकून वाटेसाठी पीठ दळत होती आणि तिच्या घुगऱ्या, म्हणजे केसांत गुंफून गालांवर सोडलेले चांदीचे झुबके, जात्याच्या फेऱ्याबरोबर झुलत होते. ते पाहून जमनीबाई हातातलं काम टाकून उठली. तिने सुनेला जातं थांबवायला लावलं आणि सोबत चल म्हणाली. कुठे, ते सांगितलं नाही.

धारेचा आवाज कानी पडला तशी ती दोनदा थांबली. बसंतीने परत फिरू म्हटलं, पण सासू ऐकेना. कातळावर पोचल्यावर तिने सुनेचा दंड असा धरला, की बसंतीला वाटलं ही आपल्याला आता खाली लोटते की काय.

"माही माय अठीच गेली," जमनीबाई म्हणाली. "घुगरी पट्ट्यात गेली, अन् संगं माय बी. म्या पाह्यलं."

मग तिने सगळं सांगितलं. मुकादम रोज बजावायचा, बायांनो, लोंबणारं काही घालून येऊ नका. पण घुगऱ्या सवाशिणीच्या. त्या उतरतात नवरा गेल्यावर, आणि त्याही सासूच्या हातून. आईने आपल्या सासूला विचारलं, तर ती कडाडली होती, माझा पोरगा जिता असताना उतरवतेस होय? आई तशीच कामाला गेली होती.

बसंतीचा चेहरा उतरला. कामाला जाणारच नाही, असं ती म्हणेल असं जमनीबाईला वाटलं होतं. खरं तर त्याच आशेने तिने सुनेला इथवर आणलं होतं. पण घरात चार तोंडं होती आणि पोट कोणाला चुकलंय?

"मंग तुमीच उतरवा," बसंती हळूच म्हणाली. "माह्या हातानं नाही व्हत."

जमनीबाई घाबरली. आजवर पट्ट्याचं भय होतं. आता पोटच्या पोराचं अभद्र तिच्याच हातून व्हायचं होतं. तिने घुगरीला हात लावला आणि मागे घेतला. रूपसिंग या वेळी कुठे असेल, विहिरीवर की झाडावर, असं काहीबाही मनात आलं. शेवटी डोळे घट्ट मिटून तिने चाचपत एक गाठ सोडली, मग दुसरी. सुनेच्या मोकळ्या गालांकडे तिला बघवेना. पाण्याच्या त्या आवाजात तांड्यातून कोणी रडत असेल तर ऐकू येणार नाही, म्हणून ती ठेचकाळत घरी पळत सुटली. बसंती मागून धावत होती.

रूपसिंग ओसरीवर भाकरी खात बसला होता. बायकोकडे नजर गेली आणि त्याचा घास हातातच राहिला.

"याडी," तो आईला म्हणाला, "मी मेलो काय?"

जमनीबाई त्याच्यासमोर मटकन बसली आणि त्याचे दोन्ही हात धरले. ते ऊन होते.

"बोल बापू," ती म्हणाली. "काही बी बोल. थांबू नोको."