चकचकीत घागर

नाशिकला निघायच्या आधी मी सोलापुरात घागर मशीनवर पॉलिश करून आणली. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा आजोळी जाणार, आणि आजोबांनी घडवलेली तांब्याची घागर काळवंडलेली कशी न्यायची? पॉलिशवाल्यानं चाकावर धरून तिचा आरसाच केला. मी त्यात भांग पाडून पाहिला. भांग पाडण्याइतके केस उरले नाहीत, हे त्यातही स्वच्छ दिसलं.

आजोबा नाशिकच्या तांबट आळीतले. माझ्या जन्माआधीच ते गेले, घर विकलं गेलं, आईचं माहेर संपलं. तिला लग्नात मिळालेली ही घागर तेवढी राहिली. आई म्हणायची, "आमची आळी आधी ऐकू येते, मग दिसते." घागरीवरून बोट फिरवत सांगायची, "प्रत्येक तांबटाचे ठोके वेगळे. आळीत कुणालाही दाखव, हा कुणाचा हात ते सांगतील." मी पेपरातून डोकं न काढता हं हं करायचो. सगळं नव्वदचं दशक 'दिवाळीनंतर जाऊ' असं म्हणण्यात गेलं. एका दिवाळीनंतर आईच राहिली नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी बायकोला घेऊन गेलो. 'हा तुझ्या आजोबांचाच हात,' एवढं कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

आळी मला आधी दिसली. स्टीलची दुकानं, काही बंद शटरं. पार आत गेल्यावर एका ओट्यावर एक म्हातारे तांबट एकटेच पातेलं ठोकत बसले होते. मी आजोबांचं नाव सांगायला लागलो.

"नाव राहू दे. घागर दे इकडं."

त्यांनी हात पुसले, डोळे मिटले आणि तळवा घागरीवरून फिरवला. पुन्हा फिरवला. मग डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं.

"पॉलिश कुठं केलं?"

"सोलापूरला. मशीनवर!" मी ऐटीत म्हणालो.

"अरे बाबा, ठोके घासून गेले की सगळे. आता कुणाचा हात म्हणून सांगू?"

बायको म्हणाली, "काका, नीट बघा ना. कुठंतरी राहिले असतील."

त्यांनी घागरीच्या गळ्यात आतून बोटं फिरवली. चाक तिथं पोचलं नव्हतं. "आहेत चार-पाच. घागर आपल्या आळीतली, एवढं नक्की. कुणाची, ते नाही सांगता यायचं." मग माझा चेहरा बघून आत हाक मारली, "चहा टाका गं. आळीच्या लेकीचा मुलगा आलाय."

चहा पिऊन आम्ही निघालो.

परतीच्या एसटीत घागर टॉवेलात गुंडाळून बायकोनं मांडीवर घेतली होती. सिन्नर मागं पडल्यावर मी म्हणालो, "काय गाढव आहे मी. पॉलिश काय केलं!"

ती खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "आईंनी डोळे मिटून सांगितलं असतं, कुणाचा हात ते. आळीत न्यायला हवं होतं ते त्यांना. घागरीला नव्हे."