प्रेमलाबाईंची फुग्यांची बंदूक

घुशीनं तांबडीला फाडलं त्या सकाळी प्रेमलाबाई रडल्या नाहीत. खुराड्यापुढे उकिडव्या बसल्या, कोपऱ्यातलं भोक पाहिलं, हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. बाहेर काढून बोटांची माती पदराला पुसली आणि त्या भोकाला उद्देशून म्हणाल्या, "थांब. दाखवतो तुले."

प्रेमलाबाई मूळच्या परतवाड्याच्या. लग्न होऊन पुण्यात आल्या त्याला उभा जन्म लोटला. एरवी त्यांचं बोलणं चारचौघींसारखं, पण संताप झाला की परतवाडा वर यायचा. आणि परतवाडा वर आला की शेजारीपाजारी आपापली दारं लोटून घ्यायचे.

विश्रांतवाडीत नाल्याच्या कडेला बैठ्या घरांची एक जुनी सोसायटी आहे, तिथं त्या एकट्या राहतात. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागं हातभर अंगण, अंगणात कोंबड्या. ब्लाउज असा शिवतात की बायका धानोरीहून रिक्षा करून येतात. माप एकदाच घेतात. दुसऱ्यांदा टेप लावणं म्हणजे पहिल्यांदा चुकलो अशी कबुली देणं, असं त्यांचं मत.

त्यांचा राग शिळा होत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नात एका नणंदेनं त्यांना विटकी साडी दिली होती. ती नणंद आजही त्यांच्याकडेच ब्लाउज शिवते, आणि प्रेमलाबाई तो दर वेळी अर्ध्या बोटानं घट्ट करतात. नणंद बिचारी तेव्हापासून भात सोडून बसली आहे.

तर अशा बाईची कोंबडी घुशीनं खाल्ली होती. तीही खुडूक बसलेली. तांबडी अंड्यांवरून उठून पळाली असती तर वाचली असती. पण खुडूक कोंबडी उठत नाही. घूस पायाकडून कुरतडत गेली आणि ती पंख पसरून बसून राहिली. प्रेमलाबाईंना झोंबलं ते हे.

"वाईट झालं हो," भिंतीपलीकडून आवाज आला. आप्पासाहेब. निवृत्त गृहस्थ. नारायण पेठेतली जागा विकून इकडं आलेले, आणि अजूनही विश्रांतवाडीला परगाव समजणारे.

"वाईट झालं नाही, केलं. तुम्ही."

"मी? मी काय रात्री येऊन तुमची कोंबडी खाल्ली?"

"रोज संध्याकाळी भिंतीच्या बुडाशी भात कोण ठेवतं?"

"तो मांजरांसाठी असतो. मुके जीव आहेत."

"मांजरं तुमचा भात हुंगून माघारी जातात, आप्पासाहेब. मी पाहते ना. खाते ती घूस. तुम्ही पाहुणी पोसली, जेवायला माझ्याकडे पाठवली."

आप्पासाहेबांनी चष्मा पुसला. "महानगरपालिकेत तक्रार करा."

"करते. घूस वाचून दाखवेल उत्तर."

दुपारी हिंजवडीहून शुभंकरचा, म्हणजे मुलाचा, फोन आला. "आई, चिल. मी ऑनलाइन ट्रॅप मागवतो. नाहीतर ग्लू पॅड. चिकटते त्याला, विषय एंड."

"आणि मग?"

"मग काय, फेकून द्यायची."

"मला तिचं तोंड बघायचंय," प्रेमलाबाई म्हणाल्या. "आणि तिनं माझं बघायला हवं."

शुभंकरनं विषय बदलला. "आई, तू जेवलीस का?"

बंदूक मिळाली ती शहाबाजकडून. आळंदी रस्त्याला जत्रेच्या दिवसांत त्याचं फुगे फोडायचं दुकान असायचं. पाठीमागं फळीवर रंगीत फुगे, पुढं टेबलावर छर्‍याच्या दोन बंदुका. आता त्याला कंपनीच्या बसवर ड्रायव्हरची नोकरी लागली होती आणि दुकान मोडीत निघालं होतं. प्रेमलाबाई त्याच्या बायकोचे ब्लाउज शिवत.

"खाला, तुम्ही? बंदूक?" तो हसला. "नातवंडांसाठी का?"

"घुशीसाठी."

हसणं थांबलं. आतून त्यानं बंदूक आणली. नळी मधोमध मोडून छर्रा भरायची, लाकडी दस्त्याची, दस्त्यावर हजार हातांचा मळ.

"पारवा-बिरवा मारू नका हां. लफडं होईल."

"पारव्यानं माझं काय वाकडं केलंय?"

त्यांनी बंदूक खांद्याला लावली, नळीवरून एक डोळा मिटून पाहिलं. त्या उघड्या डोळ्यानं त्यांनी आयुष्यभर सुईत दोरा ओवला होता. "शहाबाज, ही नळीच्या टोकावरची नेमाची माशी डावीकडे झुकलीय."

"झुकलेली नाही खाला, झुकवलीय. हातोडीनं." शहाबाजनं मान खाजवली. "सरळ असती तर लोकांनी सगळे फुगे फोडले असते. मी खाल्लं काय असतं?"

"म्हणजे इतकी वर्षं लोकांना लुबाडत होतास."

"धंदा होता, खाला. आत चामड्याचं वॉशर वाळलंय, म्हणून जोर कमी वाटेल. तेलाचे दोन थेंब सोडा. दोनच. जास्त नको."

दोनच, हे त्यांनी ऐकलं. पण मशीनवाली बाई दोन थेंबांवर थांबत नाही. करकर करणारं काहीही दिसलं, दाराची बिजागरी असो की कात्री, की तेलाची चोच लावायची आणि सगळं गप्प होईपर्यंत दाबायची. घरी येऊन त्यांनी बंदूक शिलाईच्या टेबलावर आडवी घातली. सैल स्क्रू पिळून घट्ट केले. माशी पकडीत धरून, कापडाची घडी मध्ये घालून, केसाकेसानं सरळ केली. नळीत दोरीला चिंधी बांधून ओढली. पहिली चिंधी काळी आली, मग करडी, मग पांढरी. आणि शेवटी हवेच्या भोकात शिलाई मशीनचं तेल सोडलं. भरपूर.

अंगणात भिंतीला चिंध्यांनी ठासून भरलेलं पोतं उभं केलं, छर्रा पलीकडं जाऊ नये म्हणून. त्यावर साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, पुठ्ठ्यावर शिंप्याच्या खडूनं गोल. नळी मोडताना पहिल्यांदा खांद्यातून कळ आली. "मोड, मेली!" म्हणून त्यांनी ती गुडघ्यावर दाबली.

चाप ओढला तसा फाटदिशी आवाज झाला आणि नळीतून निळसर धूर निघाला.

"अहो प्रेमलाबाई!" भिंतीपलीकडं काहीतरी पडलं. "युद्ध पुकारलंत की काय?"

"तालीम आहे, आप्पासाहेब. प्रयोगाला बोलावीन."

छर्रा पुठ्ठ्याच्या वरच्या काठात घुसला होता. प्रेमलाबाई खूष झाल्या. वाळलेलं वॉशर म्हणे! माझ्या तेलानं बघ कशी तरारली. छर्रे वर जातात, तर नेमाची मागची खाच खाली घ्यायची. त्यांनी स्क्रू फिरवून ती खाली घेतली. पुन्हा बार, पुन्हा धूर, पुन्हा स्क्रू. टोकदार छर्रे भरकटत होते, चपट्या डोक्याचे एका जागी पडत होते, म्हणून टोकदार बाजूला टाकले. संध्याकाळपर्यंत छर्रे खडूच्या गोलात पडू लागले. अगदी शेवटी शेवटी धूर येईनासा झाला आणि आवाजही मऊ पडला.

"साफ झाली," त्या स्वतःशी म्हणाल्या. माप घेतलं होतं. बंदूक गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवली आणि पुन्हा पुठ्ठ्यावर एकही छर्रा वाया घालवला नाही.

त्याच सुमारास कबरी खुडूक बसली. कबरी तांबडीची लेक. आईच्याच जागी, त्याच टोपलीत, विटांच्या आडोशाला. कुणाला जवळ येऊ देईना, पिसं फुलवून गुरगुरे. प्रेमलाबाई मात्र तिच्या पोटाखाली हात घालून अंडी चाचपायच्या, आणि ती डोळे मिटून घ्यायची.

"कोंबडी घरात घ्या," आप्पासाहेब भिंतीवरून म्हणाले. "मशीनखाली ठेवा. घूस परत येईल."

"येऊ दे की."

"म्हणजे?"

"घरात घेतली तर ती कशाला येईल, आप्पासाहेब?"

आप्पासाहेबांना कळायला क्षणभर लागला. मग त्यांचा चेहरा उतरला. "तुम्ही कोंबडीला आमिष म्हणून..."

"मी बसणार आहे ना दारात. बंदूक घेऊन."

"ती तुमच्या भरवशावर बसलीय हो."

"मग? मी कुठं पळून चाललेय?"

बोलून झाल्यावर त्यांनाच ते वाक्य जरा टोचलं. पण तांबडीचे कुरतडलेले पाय डोळ्यांपुढं आले आणि टोचणी गेली.

दिवेलागणीला त्या मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसायच्या. अंगणातला दिवा लावलेला, बंदूक मांडीवर, छर्रा भरलेला. शुभंकरचा फोन वाजला तरी उचलायच्या नाहीत. एका संध्याकाळी भोकातली माती हलली. आधी मिशा, मग नाकाड, मग ते सगळं जड, केसाळ अंग बाहेर आलं. प्रेमलाबाईंनी श्वास धरला. घूस घाईत नव्हती. वासावर वासावर विटांपर्यंत आली आणि टोपलीच्या वरच्या विटेवर चढली. खाली कबरी फुगली, गुरगुरली, आणि उठली नाही. अगदी आईसारखी उठली नाही.

प्रेमलाबाईंनी माशी घुशीच्या कानामागं धरली. "बघ इकडं," ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, आणि चाप ओढला.

फाट झालं नाही. नुसतं ठक्क झालं.

घुशीच्या पायाखाली, टोपलीत, काहीतरी फुटलं. कबरी किंचाळत उडाली, विटा पाडत, पंख आपटत, सरळ भिंतीवर आणि भिंतीवरून पलीकडं. घूस कधी गेली ते दिसलंच नाही. टोपलीतून पिवळा बलक गवतात झिरपत होता, आणि त्यात कबरीच्या छातीची पिसं चिकटली होती.

त्यांनी वाकून टोपलीतली उरलेली अंडी एकेक करून चाचपली.

सकाळी पुठ्ठा पुन्हा पोत्यावर लागला. नवा गोल, नवा छर्रा. ठक्क. भोक गोलाखाली चार बोटं. पुन्हा ठक्क, पुन्हा तिथंच. न हलता, न डगमगता, चार बोटं खाली. प्रेमलाबाई पुठ्ठ्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. दाबल्या हवेच्या तापानं आत तेल पेटत होतं तोवर छर्रा त्या तेलाच्या जोरावर उडत होता. ते माप बंदुकीचं नव्हतंच; तेलाचं होतं. तेल संपलं, आणि त्यांनी पुन्हा टेप लावला नव्हता.

त्यांनी शहाबाजला फोन केला. "दोनच थेंब म्हणाला होतास."

"आणि तुम्ही किती टाकलं?"

प्रेमलाबाईंनी फोन ठेवून दिला.

उरलेली अंडी थंड पडली होती. भिंतीपलीकडं आप्पासाहेबांच्या चपलांच्या फळीवर कबरी बसली होती. प्रेमलाबाई तिकडं गेल्या, नेहमीसारखा हात पुढं केला. कबरीनं मनगटावर चोच मारली आणि फळीच्या मागं सरकली.

"लागलंय का तिला?" त्यांनी विचारलं.

"खरचटलंय. हळद लावली मी." आप्पासाहेब त्यांच्याकडं न बघता बोलत होते. "काही बोलत नाही मी. आणि भात बंद केलाय. चूक माझीही होतीच."

"बंद करू नका."

"काय?"

"आज संध्याकाळी ठेवा. माझ्या अंगणात. मी सांगते तिथं. आणि माझ्या शेजारी बसा."

"मी? अहो, माझ्या हातून असलं..."

"तुमच्या हातून फक्त भात ठेवायचाय, आप्पासाहेब. तो तुम्ही रोज ठेवता."

दुपारभर मशीन बंद होतं. ब्लाउज न्यायला आलेल्या दोघींना "उद्या" असं आतूनच ऐकू आलं, आणि प्रेमलाबाईंच्या तोंडून उद्या कधी न ऐकलेल्या त्या बायका मुकाट्यानं परतल्या. अंगणात ठक्क, ठक्क चालू होतं. खाच पुन्हा वर आली. छर्रा गोलात पडला तरी त्या थांबल्या नाहीत. थोड्या वेळानं पुन्हा एक, चहा पिऊन पुन्हा एक. दर वेळी नव्यानं माप.

संध्याकाळी आप्पासाहेब सोवळ्यात आल्यासारखे अंग चोरून आले. हातात पातेलं. टोपली होती तिथंच त्यांनी भाताची ढेकळं ठेवली, आणि प्रेमलाबाईंनी त्यांच्याकडं बघत त्यावर एक थंड अंडं फोडलं.

"हे कशाला?"

"तिला आवडतं."

दोघं उंबऱ्यावर बसले. आप्पासाहेब काहीतरी पुटपुटत होते, रामरक्षा असावी. माती हलली तशी पुटपुट थांबली. घूस आली, तशीच सावकाश, भातात तोंड खुपसलं. प्रेमलाबाई लगेच मारत नव्हत्या. वाट बघत होत्या. घुशीनं खाता खाता मान वर केली, दिव्याकडं, दाराकडं.

ठक्क.

ती जागच्या जागी आडवी झाली. एकदा पाय झाडला, संपलं.

"मेली?" आप्पासाहेबांनी पातेल्याआडून विचारलं.

"जाऊन बघा."

"नको. झालं समाधान?"

प्रेमलाबाई घुशीकडं टक लावून पाहत होत्या; तोंड दिसत होतं, भात चिकटलेलं. भिंतीपलीकडं कबरी बारीक आवाजात कुरकुरली.

"ती कोंबडी नेता ना?" आप्पासाहेबांनी विचारलं. "आता काही भीती नाही तिला."

"उद्या बघू."

आणि तेवढ्यात भोकात पुन्हा माती सरकली. आतून, खोलवरून, नखांचा आवाज. एकीच्या नव्हे.

आप्पासाहेब अर्धवट उठले. प्रेमलाबाईंनी नळी गुडघ्यावर दाबून मोडली, चपट्या डोक्याचा छर्रा बोटानं आत बसवला, आणि भोकावरची नजर न काढता विचारलं,

"पातेल्यात भात आहे अजून?"

आप्पासाहेबांनी पातेल्यात पाहिलं.

"आहे," ते म्हणाले.