तरवडाची कानातली

नगरच्या केडगावातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर शनिवारी सकाळी अकरा बाया टेबलांभोवती बसल्या होत्या आणि बारावी दारातच अडली होती. चपला आत न्यायच्या की बाहेर काढायच्या, हे मुक्ताबाईंना कळत नव्हतं.

वर्कशॉपमधली ही जागा खरं तर त्यांच्या लेकीची, राजनंदिनीची. ती केडगावातच एका मेडिकलमध्ये कामाला. बाळ यायच्या आधी हौसेचं काहीतरी करावं, म्हणून तिनं पॉलिमर क्लेच्या दागिन्यांच्या दोन दिवसांच्या वर्कशॉपला नाव दिलं होतं. पण बुधवारी बीपी वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. बाळंतपणासाठी पाथर्डीकडून आलेल्या आईला ती म्हणाली, "तूच जा. आणि मला येऊन सांग काय शिकवलं ते."

"मला काय जमनार त्यातलं?"

"जमेल तेवढं कर."

लेकीनं आजवर आईकडे फारसं काही मागितलेलं नव्हतं. मुक्ताबाई गेल्या.

शिकवणारी मेहविश नगरचीच, तिशीतली. तिनं प्रत्येकीला आपली ओळख सांगायला लावली. कुणी शाळेत शिकवायची, कुणाचं पार्लर होतं, दोघी कॉलेजच्या. मुक्ताबाई म्हणाल्या, "मी ऊसतोडीला जायची. बावीस वरसं. कंबर धरायला लागली तसं दोन सालापासून बंद केलं."

ती क्ले दिसायला मातीसारखी, पण तिला पाणी लागत नव्हतं. मळून मऊ करायची, आकार द्यायचा आणि ओव्हनमध्ये भाजायची. पाकिटातली वडी मात्र चांगलीच घट्ट. कॉलेजच्या पोरींची बोटं दहा मिनिटांत दुखायला लागली. मुक्ताबाईंनी भाकरीचं पीठ रगडावं तशी ती रगडली, आणि शेजारच्या दोघींचीही मळून दिली. मग सगळ्या मणी वळायला बसल्या.

"बोटांचे ठसे उमटू देऊ नका, भाजल्यावर ते तसेच राहतात," मेहविश सांगत फिरत होती. मुक्ताबाईंच्या पुढ्यातला मणी तिनं उचलून उजेडात धरला. मग दुसरा, मग तिसरा. "मावशी, हातमोजे न घालता इतके गुळगुळीत कसे केलेत?"

मुक्ताबाईंनी अंगठा पुढे केला. "माझे ठसेच ऱ्हायले न्हाईत. रेशनच्या मशीनवर अंगठा उठत न्हाई. उसाचं पाचट सोलून सोलून समदं घासून गेलं."

मेहविशनं तो अंगठा जरा वेळ हातात धरून ठेवला. मग म्हणाली, "उद्या या नक्की."

रविवारी जिनं तिनं आपल्या मनाजोगतं काहीतरी करायचं होतं. बाकीच्या मोबाईलवर नमुने शोधायला लागल्या. "तुम्हाला आवडतं ते करा, मावशी," मेहविश म्हणाली आणि पुढे गेली. मुक्ताबाई बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. आवडतं काय, हे आठवायलाच त्यांना वेळ लागला. सूर्यभानला, म्हणजे नवऱ्याला, काय आवडतं ते त्यांना पाठ होतं. शेळ्यांनासुद्धा कुठला पाला आवडतो ते सांगता आलं असतं.

मग त्यांनी पिवळी वडी ओढून घेतली. नवरात्रात त्यांच्या गावचा माळ तरवडानं पिवळा होतो. घटाच्या माळेसाठी त्या लहानग्या राजनंदिनीला घेऊन फुलं तोडायला जायच्या. पोर फ्रॉकचा घोळ पसरून उभी राहायची आणि फुलं मोजता मोजता आकडे चुकायची. पाच पाकळ्या, त्यांवर सुईनं बारीक शिरा, मधे वाकडे तपकिरी केसर. पहिलं फूल बिघडलं, दुसरंही. दुपारी ओव्हनमधून निघालेली जोडी मात्र खरीच दिसत होती. मेहविशनं त्या फुलांना कानात अडकवायच्या तारा बसवून दिल्या.

घरी राजनंदिनी उशीला टेकून वाट बघत होती. डबीतली फुलं तिनं तळहातावर घेतली.

"तरवड?"

"व्हय. घटाची माळ करायचो न्हाई का आपन?"

"मला हे फूल कधीच आवडलं नाही, आई. हे फुललं की दसरा यायचा. दसरा झाला की तू आणि बाबा ट्रॅक्टरवर बसून निघून जायचात. मी आत्याच्या दारात उभी राहायची. माळावर पिवळं दिसायला लागलं की मी दिवस मोजायला लागायची."

मुक्ताबाई खाली बसल्या. लेकीबरोबर फुलं तोडायचे वर्षाकाठचे ते आठ-दहा दिवस त्यांनी फडात उसाच्या मोळ्या बांधताना कितीदा तरी आठवले होते.

"मला का नाही नेलंत कधी?"

"नेल्तं की. चार वरसाची हुतीस. पाचटाच्या कोपीत ऱ्हायचो, लई थंडी, तुला ताप भरला. तीन दिस उतरंना. मुकादम म्हनला, गाडी भरल्याबिगर कुनी हलायचं न्हाई. मी कोयता टाकला अन् तुला पाठीशी बांधून चालत निघाले. वाटंत एका टेम्पोवाल्यानं दवाखान्यापतुर नेलं. तवाच ठरवलं, हिला परत फडात आनायची न्हाई."

"हे मला कुणीच सांगितलं नाही."

"मला वाटलं, आत्यानं सांगितलं आसंल."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मुक्ताबाईंनी हात पुढे केला. "दे हिकडं. दुसरी करून आनते. ती म्याडम न्हाई म्हननार न्हाई."

"राहू दे," राजनंदिनी म्हणाली. तिनं फुलं परत डबीत ठेवली, पण झाकण लावलं नाही. "त्या टेम्पोवाल्याचं नाव काय होतं?"

"कारभारी. गाव इचारायचं ऱ्हाऊनच गेलं बघ."

"आणि दवाखान्यात कोण होतं?"

मुक्ताबाई सांगत गेल्या. जावई वाल्मिक एमआयडीसीतून घरी आला तेव्हा दोघींनी अजून दिवासुद्धा लावलेला नव्हता. त्यानं स्वतःच चहा ठेवला.

मंगळवारी तपासणीला निघताना राजनंदिनी आरशासमोर उभी राहिली आणि तिनं ती पिवळी फुलं कानात घातली. मुक्ताबाई फाइल घेऊन दाराशी उभ्या होत्या.

"टोचत न्हाईत ना?"

"नाही. हलकी आहेत," ती म्हणाली आणि आईचा खांदा धरून सावकाश पायऱ्या उतरायला लागली.