तोर्लाइफची हलकी काडतुसं

नॉर्वेत आमच्या दरीत मूस या महाकाय हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस म्हणजे सण, आणि त्या सणाचा भटजी तोर्लाइफ. शेकोटीवर कॉफी उकळत असताना प्रत्येकाने आपली काडतुसं त्याच्यापुढे धरायची.

"ही रे कसली? ससे मारायचेत का?" तो नवख्यांना झापायचा. "मूस घोड्याहून थोराड असतो. गोळी जड हवी, हाड फोडून फुफ्फुसात गेली पाहिजे. हलकी गोळी हाडावरच फुटते, आणि जनावर कुठेतरी तडफडत मरतं."

त्याची काडतुसं मात्र कुणी बघत नसे. गुरूची परीक्षा कोण घेणार?

त्या वर्षी त्याचा खांदा कामातून गेला होता. जड काडतुसाचा दणका बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकत. पण हे कबूल करायचं म्हणजे शेकोटीपाशी इतरांसाठी कॉफी ढवळत बसणं आलं. त्यापेक्षा त्याने गुपचूप कोल्ह्यांसाठीची हलकी काडतुसं भरली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

दुपारी एक मादी समोर आली. बार झाला तशी ती हिसडा देऊन झाडीत शिरली. जमिनीवर रक्ताचा थेंब नव्हता.

"हुकलो," तोर्लाइफ म्हणाला. खरं तर गोळी लागल्याचा थप्प आवाज त्याने स्वतः ऐकला होता.

त्याची पुतणी गुन्वोर माग काढायला आपली कुत्री घेऊन आली. कुत्री भुंकत दलदलीकडे ओढ घेऊ लागली.

"राहू दे गं, म्हातारी झालीय ती," तोर्लाइफ म्हणाला. "वाऱ्यावर भुंकतेय."

"तिला आता चष्मा करून दे, गुन्वोर!" शिकाऱ्यांतला आयवाइंड ओरडला, आणि सगळे खो खो हसले. गुन्वोरने बिचारीला मागे ओढलं. तोर्लाइफही हसला. हसता हसताच त्याला स्वतःची लाज वाटली. शेवटी खाई त्याला खवखवे.

उजाडताच तो गुन्वोरच्या दारात उभा राहिला. "लागली होती," तो म्हणाला आणि एक हलकं काडतूस तिच्या हातावर ठेवलं. तिने ते पाहिलं. "काका, तुम्ही?" एवढंच म्हणून तिने बूट चढवले.

कुत्री सरळ दलदलीपलीकडे गेली. मादी तिथे पडली होती. चारी बाजूंचं शेवाळ खुरांनी उकरून काळी माती वर आली होती. गोळी खांद्याच्या हाडावरच फुटली होती.

तोर्लाइफ गुडघ्यांवर बसला. त्याला एकच गोष्ट ऐकायची होती, भले ती खोटी का असेना.

"लगेच गेली असेल ना गं?"

गुन्वोरने मादीच्या काखेत हात घातला. अजून ऊब होती.

"नाही, काका," ती म्हणाली. "पहाटेपर्यंत होती."