मागाच्या खोलीतला कम्प्युटर

कम्प्युटर मी स्वतः जोडला होता, हे आधीच सांगून टाकते. त्याचा मला माज होता आणि पुढे तोच नडला. भंडाऱ्याला सहा महिन्यांचा कोर्स केला, नागपूरहून सुटे भाग आणले, मोहाडीच्या आमच्या घरात चटई अंथरली आणि एकटीने एकेक स्क्रू बसवत गेले. मॉनिटर जुना, मागे पोट सुटलेला. बटण दाबलं, पंखा फिरला, पडद्यावर अक्षरं आली. आनंद सांगायला घरात फक्त बाबा होते, आणि ते मागावर बसलेले. चालला का, त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी पुन्हा आडव्या सुताचा धोटा सोडला.

भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन, गोंदिया वेगळा निघून तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती आणि माझ्या संसाराचे होऊन एक. चार वर्षं लाखांदूरकडे नांदून मी परत आले होते. मारहाण नव्हती, दारू नव्हती. जमलं नाही, एवढंच; आणि लोकांना एवढंच पुरत नाही. गल्लीतल्या बायका सुरुवातीला विचारायच्या, कधी जाणार. मग विचारेनाशा झाल्या. विचारायच्या तेव्हा माझं डोकं फिरायचं. विचारेनाशा झाल्यावर कळलं, ते डोकं फिरणं बरं होतं.

आई माझ्या लग्नाआधीच गेली होती. घरात बाबा आणि मी. बाबा विणकर, आणि बोलणं कमी. कमी म्हणजे किती, तर 'जेवली का' आणि 'लाइट बंद कर' एवढ्यावर त्यांचा अख्खा दिवस भागायचा. मी परत आले त्या दिवशीही त्यांनी काही विचारलं नाही, माझी पेटी उचलून आत ठेवली. पुष्कळ दिवस मला तो मोठेपणा वाटला. नंतर वाटायला लागलं, यांना काही वाटत असेल तर ते मला कधी कळणार?

काम मी मिळवलं होतं. तहसीलसमोर टेबल टाकून बसणारे एक अर्जनवीस होते, ते हाताने लिहिलेले अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं द्यायचे, मी घरी टाइप करून, छापून संध्याकाळी नेऊन द्यायचे. गिऱ्हाईक त्यांच्याकडे यायचं, माझ्याकडे कागद. म्हणजे कामातूनही माणूस भेटायचं नाही.

आता कम्प्युटर ठेवायचा कुठे? घराला तीन खोल्या. पुढची टिनाखालची, मे महिन्यात तिथे पापड भाजून निघतील. मधलं स्वयंपाकघर. आणि मागची कवेलूंच्या छपराची, मातीच्या जमिनीची, जिथे बाबांचा खड्डामाग होता, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून विणायचा. कोर्समध्ये सरांनी बजावलं होतं, कम्प्युटर गार जागी ठेवा. आमच्या घरात गार जागा एकच. उन्हाळ्यात सुद्धा त्या खोलीत पाय ठेवला की बरं वाटायचं, कारण बाबा सकाळी उठल्याबरोबर जमिनीवर घागरभर पाणी शिंपायचे आणि खिडकीला ओली पोती लावायचे. हवा कोरडी झाली की ताण्याचं उभं सूत तटातट तुटतं, हे विणकराच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. गारवा कशाने येतो ते माहीत असून मी त्यातला फक्त गारवा पाहिला.

तर बाबांच्या पाठीमागच्या भिंतीला टेबल लावलं. बाबांची पाठ माझ्याकडे, माझी बाबांकडे. ते विणायचे, मी टाइप करायचे. खट-खट, खट-खट. कधी त्यांचा हात चालला की माझीही बोटं त्याच चालीने पडायची. बोलणं शून्य. पण त्या वर्षी माझ्याकडे आपलं म्हणावं असं काही होतं तर तेवढंच: पाठीमागे कुणीतरी काम करतंय. ते गेलं असतं तर मी खरोखरच एकटी पडले असते, आणि हे मला तेव्हाही कळत होतं.

दोन महिने सुरळीत गेले. मग एका दुपारी वारसाहक्काचा लांबलचक अर्ज टाइप करता करता पडदा एकदम निळा झाला. पांढऱ्या अक्षरात इंग्रजी मजकूर, खाली आकडे, आणि मी वाचते न वाचते तोच मशीन बंद होऊन आपोआप परत सुरू. अर्ज गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग दिवसातून तीनदा.

मी वही सुरू केली. वेळ, काय करत होते, वीज कशी होती, निळ्यावरचे आकडे. कोर्सची हुशार विद्यार्थिनी ना मी. व्हायरस असेल म्हणून सगळं पुसून नव्याने टाकलं. वीज कमीजास्त होते म्हणून स्टॅबिलायझर लावला. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग पाहून घेतलं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. निळं यायचं ते येतच राहिलं.

शेवटी डबा बाबांच्या जुन्या पंच्यात गुंडाळून एसटीने भंडाऱ्याला नेला, मांडीवर घेऊन. शेजारच्या बाईने काय आहे म्हणून विचारलं. कम्प्युटर म्हटलं तर तिचा विश्वास बसला नाही, तिने पंचा बाजूला करून पाहिलं. बस स्टँडजवळ सरांचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात काळवंडले होते ते साध्या खोडरबरने घासले, परत बसवली. झालं. मी हसलेच. आठ दिवस चाललं, नवव्या दिवशी निळं. तेव्हापासून मी खोडरबर टेबलावरच ठेवलं. दर आठ-दहा दिवसांनी डबा उघडायचा, पट्टी घासायची, बसवायची. नवीन पट्टीही आणून पाहिली. तिचेही दात महिन्याभरात काळे पडले. माल हलका आहे म्हणून मी नागपूरच्या दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

अर्जनवीस चांगले होते, पण त्यांचं तोंड लहान व्हायला लागलं होतं. दोनदा म्हणाले, बाई, लोक ताटकळून राहतात.

एप्रिलमध्ये सर मोहाडीला काही कामासाठी आले तेव्हा मुद्दाम आमच्या घरी आले. मागाची खोली पाहिली, डबा उघडला. मी चहा ठेवायला गेले. चहा घेऊन आले तोवर त्यांनी आतला वीजपुरवठ्याचा डबा बदलून टाकला होता. म्हणाले, पाहा आता. बाबा मागावर बसून होते, धोटा हातात, विणत नव्हते. मला वाटलं, पाहुण्याचा मान म्हणून थांबलेत.

आणि काय सांगू, निळं थांबलं. आठ दिवस, पंधरा दिवस, वीस दिवस. मी वहीत शेवटची नोंद मोठ्या अक्षरात केली: दोष वीजपुरवठ्याचा. खाली रेघ मारली. अर्जनवीसांना सांगितलं, आता बिनघोर कागद द्या.

एक गोष्ट मात्र मला त्रास द्यायला लागली, आणि ती म्हणजे बाबा. त्यांचा माग सारखा थांबायचा. खट-खट, मग शांत. पुन्हा खट-खट, पुन्हा शांत. माझी लय तुटायची, चुका व्हायच्या. मागे वळून पाहावं तर ते ताण्यावर वाकून तुटलेलं सूत गाठत असायचे. मला वाटलं डोळे गेले. वाटलं तेवढ्यावर मी थांबले नाही, बोलले. म्हणाले, वय झालं तुमचं, डोळे दाखवून घ्या, दर दोन मिनिटाला थांबता. आवाजात जरा धारच होती. बाबा म्हणाले, हो, पाहू.

मे अर्धा उलटला असेल. विणकर सोसायटीचा माणूस तयार लुगडी न्यायला आला. वर्षानुवर्षं येणारा, बाबांच्याच वयाचा. त्याने एक घडी उलगडली, हात फिरवला, परत फिरवला. दुसरी उलगडली. मग खाली बसला आणि म्हणाला की गाठीच गाठी आहेत, यांच्या हातचा माल असा कधी पाहिला नव्हता.

"उन्हाळा आहे," बाबा म्हणाले.

"उन्हाळा तं दरसाल येते जी," तो म्हणाला.

त्याला वाईट वाटलं होतं हे दिसत होतं. त्याने लुगडी बांधली आणि निघून गेला. बाबा लुगडी ठेवलेल्या रिकाम्या चटईकडे पाहत बसले. चाळीस वर्षं विणलेल्या माणसाला कुणी तोंडावर असं सांगितलेलं मी पाहिलं नव्हतं. मी पाणी आणायला उठले. अनवाणी होते. खोली ओलांडताना तळपायांना धूळ लागली.

मी जागच्या जागी थांबले. त्या जमिनीला धूळ नसते. लहानपणापासून त्या खोलीतून बाहेर पडलं की पाय ओले असायचे, आई त्यावरून ओरडायची. खिडकीकडे पाहिलं. पोती काढून, घडी करून कोपऱ्यात ठेवली होती. घागर पालथी होती. वीस-पंचवीस दिवस मी तिथेच बसत होते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि मला दिसलं नव्हतं, कारण माझी नजर पडद्यावर.

"बाबा, पाणी काहून बंद केलं तुमी?"

 बाबा मागाच्या लाकडावरून बोट फिरवत म्हणाले, "त्या सरानं सांगतलं. तू चहा मांडून राहिली होती. म्हणे तुया डब्ब्याले ओल चालत नाही. मी म्हटलं, मी पाहतो."

"मंग मले सांगाचं ना."

"सांगतलं असतं तं तू डब्बा उचलून तिकडं नेला असता."

एवढंच बोलले. इतक्या वर्षांत त्यांनी मला जे काही सांगितलं नव्हतं, ते सगळं त्या एका वाक्यात होतं. मी खड्ड्याच्या काठावर बसून रडले. रागही आला, फार राग आला, त्यांचा. हे माणसाने आधी बोलायचं नाही? मी डोळे दाखवा म्हणाले तेव्हा तरी बोलायचं. चांगलं सूत तोडून घेतलं, चाळीस वर्षांचं नाव घालवलं, आणि कशासाठी, तर पाठीमागे मी टाइप करत बसावं म्हणून. आणि मी मात्र समजत होते की त्या खोलीची गरज मला एकटीलाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा उचलून पुढच्या खोलीत नेला. दुसरं काय करणार होते? माग तर कुठे हलवता येत नव्हता, खड्डा जमिनीत होता. नेताना डबा उघडला तर आत पंख्यावर, पट्ट्यांवर सुताची रुई ओलाव्याने चिकटून थर झाला होता. कुंच्याने झाडून काढला. बाबांनी मॉनिटर उचलायला हात लावला, उंबऱ्यापर्यंत आले, आणि परत गेले. थोड्या वेळाने मागून पाणी शिंपल्याचा आवाज आला.

टिनाखाली उकडायचं. टेबल फॅन लावून बसायचे, अंगाला घामाच्या धारा. पण मशीन बिचारं चालत राहिलं. उष्णता त्याला सोसली, ओल सोसत नव्हती, एवढीच त्याची तक्रार होती. तिकडे सूत तुटायचं थांबलं. स्वयंपाकघरापलीकडून माग ऐकू यायचा, न अडखळता, पूर्वीसारखा. सोसायटीचा माणूस पुढच्या खेपेला घड्या उलगडून न पाहताच घेऊन गेला. दोन्ही दुरुस्त झाले. मी एका खोलीत, बाबा एका खोलीत, आणि मध्ये रिकामं स्वयंपाकघर, जिथे आम्ही दोन वेळा जेवायला भेटायचो. त्या दिवसांइतकं एकटं मला सासरीही वाटलं नव्हतं.

एक गोष्ट नवी सुरू झाली. दुपारी तीनच्या सुमारास माग थांबायचा आणि बाबा माझ्या दारात येऊन उभे राहायचे. आत यायचे नाहीत. "आज निळं आलं का?"

"नाही, बाबा."

"बरं." आणि परत जायचे.

रोज. पाच-सात दिवस मी नाही म्हणत गेले, आणि तेही अभिमानाने, जसं काही पास झाल्याचं सांगतेय. मग एका दुपारी नाही म्हणून मी मान वर केली, आणि त्यांना वळताना पाहिलं. पडलेले खांदे पाहिले. दुसऱ्या दिवशी ते आले, त्यांनी विचारलं, आणि मी म्हणाले, "आलं होतं. दोनदा."

बाबा दारातच थांबले. पडद्याकडे पाहिलं; तिथे कुणाचा तरी रेशनकार्डाचा अर्ज शांतपणे उघडा होता. मग आत आले, भिंतीजवळचं स्टूल ओढलं आणि माझ्याशेजारी बसले.

"मंग बसतो जरा," ते म्हणाले. "आता आलं तं दोघं पाहू."

मी टाइप करत राहिले. ते पडद्यावरून नजर न हलवता बसले होते, हात गुडघ्यांवर. पंख्याचं तोंड मी त्यांच्याकडे वळवलं. पाच वाजेपर्यंत काही निळं आलं नाही. मग ते उठले, स्टूल होतं तिथेच राहू दिलं, आणि म्हणाले, "उद्या पाहू."