कोंडीरामचा फळा

पिंपरीतल्या त्या वस्तीत बुद्धविहाराच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. परवापरवापर्यंत त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. पण अहो, एके काळी तिथं पाय ठेवायला जागा नसायची! पंपाच्या कंपनीतली पहिली शिफ्ट गाठण्याआधी कोंडीराम खडू घेऊन उभा राहायचा आणि मागं निम्मी वस्ती काखेत डबे मारून ताटकळायची. कुठं भरती आहे, कुणाकडं बारसं आहे, पाणी कधी येणार, सगळं त्या फळ्यावर.

फळ्याचा नियम कोंडीरामच्या बायकोनं, प्रभावतीनं घालून दिलेला. बातमी खोटी वाटली तर पुसायची नाही. खाली आपलं म्हणणं लिहायचं आणि सही ठोकायची. पुसणार फक्त कोंडीराम, तेही दुसऱ्या दिवशी सकाळी. एकदा 'पाणी सहाला येईल' याच्या खाली 'आलं नाही. आठपर्यंत बादली घेऊन बसले होते. दुर्गाबाई' असं वाचून लोक दिवसभर हसत होते. काय दिवस होते ते!

पण हा नियम एकदा खुद्द कोंडीरामनंच मोडला. एकोणनव्वद साली भाजी विकणाऱ्या भिमाबाईच्या मुलाला, पिंटूला, संशयावरून चौकीत नेलं. एकोणीस वर्षांचं पोर मार खाऊन परत आलं ते कानांनी अधू होऊन. कोंडीरामनं ते फळ्यावर लिहिलं. दुपारी चौकीतला जमादार आला. "कंपनीत पर्मनंट व्हायचंय ना? मग पूस हे." घरी दोन पोरं होती आणि प्रभावतीला तेव्हा तिसऱ्या खेपेचा सातवा महिना होता. कोंडीरामनं पुसलं. ती आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. चार वर्षांनी पिंटू ट्रकखाली गेला. मागचा हॉर्न त्याला ऐकूच आला नव्हता.

भिमाबाई कधी एक शब्द बोलली नाही. तेच कोंडीरामला जास्त लागलं. तिच्या भाजीच्या पाटीवरून जाताना तो छत्तीस वर्षं मान खाली घालून गेला.

प्रभावती गेली, कोंडीराम रिटायर झाला, हात कापायला लागला. तरी सवयीनं दोन ओळी लिहायचा. कुणी वाचो न वाचो.

मग गेल्या महिन्यात चौकात एका भाईचा वाढदिवस झाला. तलवारीनं केक कापला, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून त्या दीडशहाण्यानं गावठी कट्टा बाहेर काढला. गोळी गेली ती नळावर उभ्या असलेल्या पिंकीच्या मांडीत. पार्लरमध्ये राबून घर चालवणारी पोर ती! नशिबानं वाचली. पण पोलिसांच्या कागदावर आलं, 'फटाक्याने जखम'. एका लोकल चॅनेलवाल्या पोरीनं खरं सांगणारा व्हिडिओ टाकला, तर तिला चौकीत बसवून तो काढायला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर अक्षरं उमटली, थरथरती पण ठळक: 'पिंकीला गोळी लागली. फटाका नव्हता.' कितीतरी वर्षांनी तिथं गर्दी जमली.

दहाच्या सुमाराला फौजदार आले. आवाज अगदी गोड. "काका, तुमचा नातू बुद्धरत्न, महाळुंग्याच्या कंपनीत लागतोय म्हणे? त्याचं व्हेरिफिकेशन आमच्याच टेबलावर आहे. पुसून टाका हे."

कोंडीरामला तो जमादार आठवला. तीच मागणी, तोच धाक, फक्त माणूस नवा. पुसायचं फडकं हातात होतं, प्रभावतीच्या जुन्या लुगड्याचं. त्यानं ते मुठीत घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं खडू पुढं केला.

"साहेब, इथं पुसायचा रिवाज न्हाई. फटाका होता असं खाली लिहा आणि सही करा."

फौजदारांनी खडू घेतला नाही. गर्दीकडं बघून हसले. "बरं, गोळी बघितलेल्या एकाची तरी सही दाखवा."

गर्दीत जो तो पायाखाली बघतोय. तेवढ्यात मागून आवाज आला, "सरका रं बाजूला." भिमाबाई! पंचाहत्तरीची म्हातारी गुडघे धरत पुढं आली. सही करायला तिला प्रभावतीनंच शिकवलं होतं. एकेक अक्षर कोरत तिनं नाव लिहिलं आणि म्हणाली, "म्या बघितलंय. पुढं बोला." मग काय, तिच्या पाठोपाठ सह्यांची रांग लागली. फळा पुरेना, लोक भिंतीवर लिहायला लागले.

त्या सह्यांचे फोटो मोबाइलवरून वरच्या साहेबांपर्यंत गेले. चौथ्या दिवशी पिंकीचा जबाब नव्यानं घेतला आणि भाईला उचललं. बुद्धरत्नचा कागद मात्र अजून त्या टेबलावरच आहे. "राहू दे आजोबा," एवढंच तो म्हणाला.

भाईला उचलेपर्यंत कोंडीरामनं फळ्याला फडकं लावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो पुसायला गेला, तर भिमाबाई आधीच येऊन बसलेली.

"कोंडीभाऊ, आता माझ्या पिंटूचं लिव्ह."

कोंडीरामला रडू आवरेना. डोळे पुसत त्यानं तारखेसकट सगळं लिहिलं, छत्तीस वर्षांपूर्वी लिहिलं होतं तसंच. मग खडू खाली ठेवणार, तोच त्याला नियम आठवला. त्यानं वाकून खाली आणखी एक ओळ लिहिली: 'ही बातमी खरी होती. मी भिऊन पुसली. कोंडीराम.'