उणे एक आणि तीन नंबरची खोली

“भोंगा वाजलाच नाय, मॅडम,” सोमनाथ पुन्हा तेच म्हणाला. आडगावजवळच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तो ऑपरेटर होता, मूळचा पेठकडचा. दाराचं रबर फाटून तीन नंबरच्या खोलीतला गारवा निघून गेला होता आणि आतली द्राक्षं मऊ पडली होती. खोली तापली की भोंगा वाजवायचा, हे आमच्या कंपनीच्या कंट्रोलरचं काम.

“वाजला असणार. यानं बंद करून ताणून दिली,” मालक भामरे शेठ म्हणाले.

मी टेस्टचं बटण दाबलं. भोंगा खणखणीत वाजला. शेठनी सोमनाथला तिथल्या तिथं कामावरून काढलं. मला ते पटलं नाही, पण त्याच्या बाजूनं बोलायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

अंबडच्या ऑफिसात येऊन प्रोग्राम उघडला. तो सी भाषेतला. सीमध्ये फंक्शनला, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्याला, हवे तितके आकडे देता येतात. गोम अशी की किती दिले हे त्याला आपोआप कळत नाही. आधी संख्या सांगायची, नाहीतर शेवटी खुणेचा आकडा टाकायचा. आमचं फंक्शन सगळ्या खोल्यांची तापमानं घेऊन त्यातलं सर्वांत जास्त शोधायचं. शेवटची खूण होती उणे एक.

हा प्रोग्राम मुळात केळी पिकवायच्या खोल्यांसाठी लिहिलेला. तिथं तापमान कधी शून्याखाली जात नाही, त्यामुळे खूण अगदी योग्य होती. पुढे तोच जसाच्या तसा द्राक्षांसाठी विकला गेला. द्राक्षं ठेवतात शून्याच्या आसपास.

दोन नंबरची खोली स्क्रीनवर उणे एक दाखवत होती, हे मला आठवलं. ऑफिसात टेबलावर ठेवलेल्या तशाच कंट्रोलरला तेच आकडे दिले. फंक्शनला वाटलं, यादी संपली. तापलेल्या तीन नंबरपर्यंत ते पोचलंच नाही. भोंगा गप्प. टेस्टचं बटण तापमान न बघता थेट भोंगाच वाजवतं, म्हणून तेव्हा तो वाजला होता.

“सर, शेठना आत्ताच फोन करू या,” मी म्हणाले.

“सांगायचंच आहे,” आमचे पाटणकर सर म्हणाले. “पण आधी दुरुस्त करा. नुसती चूक घेऊन कुठे जाता?”

दुरुस्ती चुटकीसरशी झाली. तपासणीत मात्र आठवडा गेला.

मग सर स्वतः माझ्याबरोबर आले आणि चूक आमची असल्याचं त्यांनी कबूल केलं. शेठनी आमच्यासमोरच सोमनाथला फोन लावला, स्पीकरवर.

“ये बाबा परत. चूक मशीनची होती.”

“मी तेच सांगत व्हतो, शेठ. आता सुरतेला आलोय, बांधकामावर. पोरींची शाळा सोडवून समद्यांना घेऊन आलोय. आता कसं येऊ?”

मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

आता आम्ही फंक्शनला खोल्या किती ते आधीच सांगतो. आणि चूक सापडली की फोन आधी करायचा, दुरुस्ती मागाहून. प्रोग्राम आठवडाभर थांबू शकतो, ज्याची रोजी गेली तो थांबू शकत नाही.